अगाथा ख्रिस्तीचं टेबल आणि माझी औषधाची खिडकी

कावेरी_बडोदा

नमस्कार मंडळी.

बत्तीस वर्षं मी बडोद्यातल्या एका रुग्णालयात औषधाच्या खिडकीच्या आतल्या बाजूला उभी होते. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि मनात कधीपासून घोळत असलेली एक रहस्यकथा लिहायला घेतली. अकरा प्रकरणं झाली आणि गाडी अडली. मुलगा म्हणतो, आई, तुला स्वतंत्र खोली हवी, नीट टेबल हवं, मी नातवाची खोली रिकामी करून देतो. मी नको म्हणतेय. का नको, हे मला धड सांगता येत नव्हतं. परवा इंग्रज रहस्यकथालेखिका अगाथा ख्रिस्तीचं आत्मचरित्र पुन्हा वाचायला काढलं तेव्हा उलगडलं. म्हणून हा धागा.

पहिली गोष्ट म्हणजे या बाईला लेखिका व्हायचंच नव्हतं. जन्म १५ सप्टेंबर १८९० चा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या टॉर्की गावातला. आईचं ठाम मत होतं की मूल आठ वर्षांचं होईपर्यंत त्याला वाचायला शिकवू नये. पोरगी पाचव्या वर्षीच आपली आपण वाचायला लागली. सांभाळणाऱ्या दाईने ते आईच्या कानावर घातलं तेही अपराध्यासारखं. बहीण मॅज अकरा वर्षांनी मोठी, भाऊही मोठा. त्यामुळे ही बागेत एकटीच खेळायची, आधी मनातल्या मांजरीच्या पिल्लांशी, मग मनातल्याच एका शाळेतल्या मुलींशी. त्या मुलींना नावं होती, स्वभाव होते. म्हातारपणी कपाटात एखादा झगा ठेवतानाही, हा त्यांच्यातल्या अमकीला शोभेल, असं तिच्या मनात येऊन जायचं. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. पात्रं तयार करायला ती कुठे शिकली, याचं उत्तर त्या बागेत आहे.

अकराव्या वर्षी वडील गेले. पुढे पॅरिसला शिकायला गेली तेव्हा डोक्यात एकच होतं, पियानो. दिवसाचे तासन्‌तास रियाज. पण लोकांसमोर वाजवायची वेळ आली की हातपाय गार. जाहीर कार्यक्रम करण्याचा तुझा पिंड नाही, असं शिक्षकांनी स्पष्ट सांगितलं. मग गाणं. ऑपेरातलं कळणाऱ्या ओळखीतल्या एका बाईंनी आवाज ऐकला आणि सांगितलं, मैफलीपुरता ठीक आहे, ऑपेराला हा आवाज पुरणार नाही.

इथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले. मीही सुरसागराजवळच्या संगीत महाविद्यालयात आठ वर्षं गाणं शिकले. सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये मौलाबक्षांच्या हाती सोपवलेली गायनशाळा, तीच ही. त्या इमारतीत शिरलं की अंगावर काटा यायचा. घरी गळा छान लागायचा. मंचावर तंबोरा जुळला की माझा घसा कोरडा. एकोणिसाव्या वर्षी गाणं सुटलं आणि मी औषधशास्त्राला गेले. कित्येक वर्षं मी ते अपयश म्हणूनच मोजत होते.

अगाथाचंही औषधांशी नातं जडलं ते स्वप्नं सुटल्यावरच. पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या रुग्णालयात आधी शुश्रूषा केली, मग तिथल्या डिस्पेन्सरीत गेली आणि १९१७ मध्ये परीक्षा देऊन रीतसर औषधं बनवायला पात्र ठरली. तयारीसाठी ती गावातल्या एका औषधविक्रेत्याकडे शिकायला जायची. हा माणूस खिशात कुरारीचा खडा घेऊन हिंडायचा, बाणाला लावतात ते विष. का, तर खिशात असलं की ताकद असल्यासारखं वाटतं! एकदा तो कोको बटरच्या सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारातून द्यायच्या औषधी वड्या, करून दाखवत होता. हिने मनात हिशेब केला तर दशांश चिन्ह एक घर चुकलेलं, औषध दहापट पडलेलं. गुरूला तोंडावर चूक सांगायची कशी? हिने ठेचकाळल्याचं सोंग केलं, सगळा ट्रे खाली पाडला आणि वर त्या वड्यांवर पाय दिला.

हे वाचून माझे डोळे भरून आले. माझ्याही खिडकीवर एकदा अशी चिठ्ठी आली होती, लहान मुलाच्या औषधाची, दशांश चिन्ह गळालेली. मी औषध दिलं नाही, वर जाऊन विचारलं. तिथल्या वरिष्ठांनी सगळ्यांदेखत मला झापलं आणि मग गुपचूप चिठ्ठी बदलून दिली. त्या दिवसापासून माझी नजर कायमची बदलली. कागदावर जे लिहिलंय ते खरंच असेल असं मी पुन्हा कधी धरलं नाही. रहस्यकथा लिहिणाऱ्याला आणखी काय लागतं?

आता शिशीबद्दल. माझ्या पिढीच्या लोकांना मिक्स्चरची शिशी आठवत असेल. बाजूला कातरलेली कागदाची पट्टी चिकटवलेली, एक खाच म्हणजे एक डोस, आणि वर सूचना, घेण्यापूर्वी बाटली हलवा. ही सूचना शोभेची नसते. काही औषधं एकमेकांत मिसळली की साका तळाशी बसतो. शिशी न हलवता रोज वरवरचं घेतलं तर सगळा जोर शेवटच्या डोसात जमतो. स्ट्रिक्नीन, म्हणजे आपल्या काजऱ्याच्या बीतलं विष, आणि ब्रोमाइड, म्हणजे शांत झोपेसाठी देत ते क्षार, यांचं असंच होतं. तिच्या पहिल्या कादंबरीचा कणा एवढाच आहे. खुनी कोण ते सांगत नाही, निश्चिंत राहा. ती कादंबरी आली तेव्हा औषधविक्रेत्यांच्या नियतकालिकाने विषांची माहिती जाणकारीने दिली आहे म्हणून स्तुती केली आणि ती स्तुती तिला विशेष प्रिय होती. मला समजतं ते.

कादंबरी लिहिली कशी? मॅजने डिवचलं होतं, तुला जमायचं नाही. डिस्पेन्सरीत काम कधी रेटून असायचं, कधी दुपारभर बाटल्यांकडे बघत बसायचं. चारी बाजूंना विषांच्या बाटल्या, म्हणून गोष्टही विषाची. अर्ध्यात अडली तेव्हा आईने सांगितलं, सुट्टी घे आणि लांब जा. डार्टमूरच्या माळावर एका हॉटेलात ती पंधरा दिवस राहिली. सकाळी हात दुखेपर्यंत लिहायचं, दुपारी माळावर एकटीने चालत पुढच्या प्रकरणातले संवाद मोठ्याने बोलायचे. लिहिली १९१६ मध्ये, कित्येक प्रकाशकांनी परत केली, छापून आली १९२० मध्ये. हातात पडले पंचवीस पौंड.

आणि टेबल! पुढे जगप्रसिद्ध झाल्यावर वार्ताहर यायचे, म्हणायचे तुम्ही लिहिता त्या जागी तुमचा फोटो घेऊ. तिला दाखवायला जागाच नसायची. न डुगडुगणारं टेबल आणि टाइपरायटर, बस्स. झोपायच्या खोलीतलं संगमरवरी माथ्याचं हात धुण्याचं टेबल चाले, दोन जेवणांच्या मधलं जेवणाचं टेबलही चाले. लिहायला जाताना तिला संकोच वाटायचा. कुत्रं हाडूक घेऊन कुणाला न दिसता कुठेतरी जातं आणि अर्ध्या तासाने नाकाला माती लावून परत येतं, तसं आपलं होतं असं तिने लिहून ठेवलंय.

मला खोली का नको, ते हे. माझी गोष्ट चिठ्ठ्या तपासताना, शिश्या भरताना जमत गेली. आता गवार मोडताना जमते. रिकाम्या खोलीत रिकाम्या हातांनी बसले की सगळी पात्रं गप्प होतात.

तुम्ही लिहिणारी मंडळी कुठे बसून लिहिता? आणि अडलं की काय करता? मनापासून विचारतेय.

सुरसागर७१

कावेरीताई, धागा एका दमात वाचला. संगीत महाविद्यालयाचं वाचून तर त्या रस्त्यावर उभा असल्यासारखं वाटलं. मी आता नागपूरला असतो, पण बालपण दांडिया बाजारातलं.

तुमची कथा बडोद्यातच घडते का? घडत असेल तर मांडवीचं सेंट्रल लायब्ररी सोडू नका. महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर वाचनालयांचं जाळं उभं केलं, खेड्यांत पेट्यांमधून पुस्तकं फिरवली, हे सगळ्यांना माहीत असतं. पण पुस्तकांच्या दालनात लोखंडी मांडण्या आणि मजल्यांना काचेची जमीन आहे, हे बाहेरच्याला सांगितलं तर खरं वाटत नाही. वरचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत झिरपावा म्हणून काच. लहानपणी शेजारच्या काकांबरोबर आत गेलो होतो. पाय टाकायलाच घाबरत होतो.

कावेरी_बडोदा

सुरसागरदादा, तुम्ही माझं गुपितच फोडलंत. कथा तिथेच घडते. सविस्तर नंतर लिहिते.

अनघा_इंदूर

ताई, लेख आवडला, पण एका मुद्द्यावर अडते. जेवणाच्या टेबलावर लिहिलं हे ऐकायला छान वाटतं. त्या टेबलावर जेवण कोण मांडत होतं? तिच्या घरी स्वयंपाकीण होती, मोलकरीण होती, मुलीला सांभाळायला बाई होती. नोकर ठेवता येणार नाहीत इतकी गरिबी आपल्याला येईल असं तरुणपणी कधी वाटलंच नव्हतं, हे तिनेच कबूल केलंय. मी राजेंद्र नगरात दोन मुलं, सासूबाई आणि शिकवण्या सांभाळून कथा लिहिते. मला खोली हवी आहे, दाराला आतून कडी असलेली. कुणी देत असेल तर कृपा करून नाही म्हणू नका. तुम्ही नाही म्हटलंत की उद्या दुसऱ्या घरात हेच उदाहरण देतील, त्या काकू तर गवार मोडत लिहितात.

गिरगावचा_नातू

अनघाताईंशी सहमत.

आपल्याकडे या विषयावर बोलताना बाबुराव अर्नाळकरांचं नाव राहू नये. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू हे त्यांच्या रहस्यकथांचे नायक. हजारावर पुस्तकं लिहिली त्यांनी. माझे आजोबा भाड्याने आणून एका रात्रीत संपवायचे, कारण सकाळी परत केलं नाही तर दुसऱ्या दिवसाचं भाडं. मराठीत रहस्यकथेला साहित्य मानायला लोक तयार नसतात आणि याचं मला फार वाईट वाटतं. गिरणीतून आलेल्या माणसाला वाचायची गोडी कुणी लावली, हे कुणीतरी नीट लिहायला हवं.

कावेरी_बडोदा

अनघा, तू म्हणतेस ते खरं आहे आणि मी ते लिहिलं नाही ही माझी चूक. माझी मुलं मोठी झाली, माझ्यामागे आता कुणाची घाई नाही. गवार मोडणं ही आता माझी निवड आहे, पस्तिशीत ती नव्हती. तुला कडी असलेली खोली मिळायलाच हवी. धागा संपादित करता आला असता तर तसं वर लिहिलं असतं.

फक्त एक भर घालते. नोकर होते तरी स्वतःला लेखिका म्हणवून घ्यायला तिला खूप वर्षं लागली. फॉर्ममध्ये व्यवसायाच्या रकान्यात तिला ‘विवाहित स्त्री’ याखेरीज काही सुचायचं नाही. पुस्तकांवर पुस्तकं छापून येत असतानाची ही गोष्ट. मेरी वेस्टमॅकॉट या टोपणनावाने तिने सहा वेगळ्या कादंबऱ्या लिहिल्या, त्यातली १९४४ ची एक तीन दिवसांत. पहिलं प्रकरण झाल्यावर लगेच शेवटचं लिहून टाकलं, कारण कुठे पोचायचं ते स्पष्ट दिसत होतं. तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं आणि ती पुन्हा लंडनच्या रुग्णालयात औषधं बनवत होती. तिसऱ्या दिवशी कामावर दांडी मारून पुस्तक पुरं केलं. म्हणजे तिलाही ते तीन दिवस दार लावून घ्यावंच लागलं.

रेवा_वैद्य

मी डॉक्टर आहे, म्हणून विषाबद्दल थोडं.

१९६१ च्या तिच्या एका कादंबरीत थॅलियमची विषबाधा आहे. लक्षणं इतकी नेमकी लिहिली आहेत, थकवा, बोलणं जड होणं आणि मुख्य म्हणजे केस गळणं. १९७७ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात कतारहून आणलेलं एकोणीस महिन्यांचं बाळ होतं, निदान होत नव्हतं. तिथली एक परिचारिका तेव्हा ही कादंबरी वाचत होती. तिने डॉक्टरांना थॅलियमची शंका सांगितली, तपासलं तर तेच निघालं. बाळ सुधारलं. लेखिका आदल्या वर्षी, १२ जानेवारी १९७६ ला गेली होती. तिला हे कळलं नाही, याची मला प्रत्येक वेळी हुरहूर लागते.

कावेरीताई, दशांश चिन्हाच्या त्या चिठ्ठीबद्दल एक डॉक्टर म्हणून तुमचे आभार मानते. खिडकीतून वर येऊन विचारणारा माणूस आम्हाला वाचवत असतो.

पाणीगेट

ते अकरा दिवस राहिले की! डिसेंबर १९२६, गाडी रस्त्याच्या कडेला सापडली आणि बाई गायब. त्याबद्दल ताईंचं काय मत?

कावेरी_बडोदा

३ डिसेंबरला घरातून निघाली, १४ ला हॅरोगेटच्या हॉटेलात सापडली. त्याच वर्षी आई गेली होती आणि नवऱ्याने दुसरीवर प्रेम असल्याचं सांगितलं होतं. आत्मचरित्रात त्या अकरा दिवसांवर तिने एक ओळही लिहिलेली नाही. तिला नाही सांगायचं, तर मी खणणार नाही. एवढंच माझं मत.

शब्दवेल

टेबलाच्या चर्चेत थोडी उलट साक्ष देते. दुसरे पती मॅक्स मॅलोवन पुरातत्त्वज्ञ. इराकमध्ये निमरूदला उत्खनन चालू असताना तिने स्वतःच्या पैशांनी, पन्नास पौंडांत, मातीच्या विटांची एक छोटी खोली बांधून घेतली होती. ‘बैत अगाथा’, अगाथाचं घर. म्हणजे साठीच्या घरात तिलाही खोली हवीशी वाटली! आत्मचरित्राची सुरुवात तिने तिथेच केली. पण त्याच मुक्कामात ती उकरून काढलेले हस्तिदंती तुकडेही साफ करत होती, विणकामाची बारीक सुई आणि तोंडाला लावायचं क्रीम घेऊन. तेव्हा कावेरीताईंचं हात आणि डोकं एकत्र चालण्याचं म्हणणंही खरंच ठरतं.

माझी सवय विचारलीत म्हणून सांगते. मी दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहिते. तिच्या त्र्याहत्तर वह्या शिल्लक आहेत आणि जॉन करन यांनी त्यांवर २००९ मध्ये पुस्तक काढलं. त्या वह्या साध्या शाळकरी, खुनाच्या आराखड्याशेजारी बाजाराची यादी. एकाच वहीत वेगवेगळ्या वर्षांच्या कथा, कारण कोरं पान दिसेल तिथे लिहायचं. खुनी कोण हेही ती लिहिता लिहिता बदलायची, अ ने केलं तर काय, ब ने केलं तर काय. हे वाचल्यापासून मला माझ्या गोंधळाची लाज वाटेनाशी झाली. अडलं की मी हेच करते, खुनी बदलून बघते. बऱ्याचदा जुनाच परत येतो, पण येताना काहीतरी घेऊन येतो.

सुरसागर७१

ताई, तुमची अडलेली जागा सांगा ना. इथे एवढे वाचणारे आहेत.

कावेरी_बडोदा

सांगते.

काळ संस्थानी. संध्याकाळ. ग्रंथालयात पुस्तकांच्या दालनात वरच्या मजल्यावर एका वृद्ध कारकुनाचा मृत्यू. खालच्या मजल्यावर पुस्तकं लावणारी एक तरुण मुलगी साक्ष देते की काचेतून तिला पावलांची सावली दिसली, एक पाय ओढत चालणाऱ्या माणसाची. गावात तसा माणूस एकच. त्याला पकडतात. अकराव्या प्रकरणापर्यंत हे. माझ्या नायिकेला, म्हणजे दवाखान्यातल्या कंपाउंडरीणबाईला, तो निर्दोष आहे याची खात्री आहे. पण साक्ष खोटी कशी पाडायची ते मला सुचत नाही, कारण मुलगी प्रामाणिक आहे. तिला मी खोटारडी करणार नाही. चार महिने इथेच बसलेय.

सुरसागर७१

ताई, एक शंका. ती काच आरपार दिसणारी नाही, जाड आणि धुरकट आहे. खालून वरच्या माणसाची सावली दिसायची तर उजेड वरच्या मजल्यावर हवा आणि खाली त्या मानाने अंधार. दिवसा ते होतं, वरून ऊन येतं. पण तुमची वेळ संध्याकाळची आहे. मुलगी पुस्तकं लावतेय म्हणजे दिवा तिच्याजवळ, खाली. मग वर अंधार असताना सावली पडली कशी?

रेवा_वैद्य

अंगावर शहारा आला. वर कुणीतरी दिवा लावला होता!

अनघा_इंदूर

आणि मुलगी खोटं बोलत नाही. सावली तिला दिसलीच. ती दिसावी म्हणून कुणीतरी दिवा मुद्दाम मागे ठेवला.

कावेरी_बडोदा

आत्ता स्वयंपाकघरात उभी आहे, कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते विसरले.

सुरसागरदादा, चार महिने मी त्या काचेच्या जमिनीबद्दल लिहितेय आणि उजेड कुठून येतो हे एकदाही पाहिलं नाही. खिडकीवरच्या चिठ्ठीसारखं तपासायला हवं होतं. ज्याला पाय ओढत चालायची नक्कल करायची होती त्याला दिवा लागणारच. दिवा आला म्हणजे तेल आलं, काजळी आली, आणि काजळीचा वास हाताला राहतो. माझ्या कंपाउंडरीणबाईला तो वास कुणाच्या हाताला येतो तेही आता दिसलं. तिसऱ्या प्रकरणात तो माणूस तिच्या खिडकीवर खोकल्याची शिशी घ्यायला येऊन गेलाय. मीच लिहिलंय ते, आणि माझ्याच लक्षात नव्हतं.

अनघा, नातवाची खोली आठवडाभर मागून घेतेय, कडी लावून. बारावं प्रकरण झालं की इथे टाकते. तोवर त्या दिव्याबद्दल कुणी पुढचा अंदाज लिहू नका, ही हात जोडून विनंती.